डिसेंबरातला काफल-पाको

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. मार्च संपत आला होता. शनिवारची दुपार होती, मी गराजमध्ये बर्फ ओढायचं फावडं भिंतीला टांगत होतो, आणि बायको आतलं दार उघडून, फोन हातात तसाच धरून उभी राहिली. मला कळलं. आणि कळल्याबरोबर छातीवरचं काहीतरी सैल झालं... सुटलो, असं वाटलं. आता त्याला कधीच कळणार नाही. क्षणभरच वाटलं असेल, पण वाटलं. मग मी रडलो, बायकोनं पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात मला सहन होईना.

काय कळणार नव्हतं तेही सांगतो. आयुष्याच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत प्रभाकर एक कॅसेट ऐकत होता. हिमालयातल्या ज्या जंगलात तो तरुणपणी पक्षी ओळखायला शिकला, त्या जंगलातली सकाळ त्या कॅसेटवर आहे, आणि ती मी तिथं जाऊन, थंडीत उभं राहून त्याच्यासाठी भरून आणली, असं मी त्याला सांगितलं होतं. मी त्या जंगलात गेलोच नव्हतो.

आमची ओळख इथली, मिशिगनमधल्या ट्रॉयमधली, दहा-अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या भागात मराठी घरं मोजकीच होती आणि नवीन कोणी आलं की कोणाच्या तरी घरी सगळ्यांचं जेवण ठरायचं. तशाच एका जेवणात एक उंच, सावळा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस काचेच्या दाराशी उभा राहून मागच्या अंगणात टांगलेल्या दाण्यांच्या फीडरकडे बघत होता. मी नाव विचारलं, त्यानं प्रभाकर सांगितलं. मी आडनाव विचारलं, त्यानं तेही सांगितलं, आणि गाव नागपूर. मी पुण्याचा माणूस, पुढचा प्रश्न विचारलाच... नागपूरचे म्हणजे नेमके कुठले? तो हसला. ‘भाऊ, जे विचारायचंय ते सरळ विचारा ना,’ तो म्हणाला. ‘आम्ही बौद्ध. आता तो बघा, लाल. नर आहे. मादी खाली कुंपणावर.’ माझे कान तापले होते आणि त्याचं बोट कार्डिनलकडे होतं. मी पाहिला. आयुष्यात मी नीट पाहिलेला तो पहिला पक्षी.

प्रभाकर मोटारींच्या एका कंपनीत आवाजाच्या प्रयोगशाळेत होता. गाडी हायवेवर पळताना आत वारा कुठून शीळ घालतो, दाराच्या रबरातून की आरशाच्या बुडातून, हे शोधायचं त्याचं काम. इतर लोक यंत्रं लावून जे शोधायचे ते हा मागच्या सीटवर डोळे मिटून बसून सांगतो, असं त्याच्या मॅनेजरनंच मला एकदा पिकनिकला सांगितलं होतं. मी जवळच्याच एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, कॉम्प्युटरवर. शनिवारी सकाळी आम्ही दोघं गावाबाहेरच्या पार्कात जायचो. थर्मासमध्ये चहा, फॉइलमध्ये त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, बांधून दिलेले पराठे आणि तोंड पोळवणारा ठेचा. तो पायवाटेवर थांबायचा, डोळे मिटायचा, आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटायचा. एक आवाज, एक टिचकी. पाच मिनिटांनी डोळे उघडून हिशेब द्यायचा : चार चिकडी, दोन नटहॅच, लांब एक सुतार, आणि एक सुधीर, नाक चोंदलेला. तो सुधीर म्हणजे मी. नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर गेलो. दिसलेला पक्षी मला ओळखता येऊ लागला, आवाजावरून मात्र कधीच आला नाही. खरं सांगायचं तर मी चहासाठी आणि त्याच्या बोलण्यासाठी जायचो.

बोलणं मिशिगनमध्ये सुरू होऊन हिमालयातल्या कुमाऊँमध्ये पोचायचं. चिकडी दिसली की तो म्हणायचा, ही आपल्या वल्गुलीची चुलत बहीण, आणि मग तिकडची पिवळ्या पोटाची, हिरव्या पाठीची वल्गुली सुरू व्हायची. बाविसाव्या वर्षी तो एका सर्व्हेच्या तुकडीबरोबर तिथं गेला होता आणि दोन वर्षं राहिला होता. तुकडीत माणसं सगळ्या प्रांतांतली होती, तरी पहिल्याच आठवड्यात त्याचं ताट वेगळं झालं. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही, फक्त त्याचं ताट तंबूबाहेर ठेवलं जाऊ लागलं. तो ते उचलून वर बांजच्या झाडांत जाऊन बसायचा. बांज म्हणजे तिकडचा ओक, अंगभर शेवाळ चढलेला. दानसिंग नावाचा जंगलखात्याचा एक रखवालदार आपली भाकरी घेऊन तिथं यायचा, त्याच्या शेजारी बसायचा, आणि जेवता जेवता आवाजाच्या दिशेनं हात करून पक्ष्यांची नावं सांगायचा. दोन वर्षांत प्रभाकरनं ते सगळं जंगल कानानं पाठ केलं. ताट आत असतं तर मला एकही पक्षी आला नसता, असं तो हसत सांगायचा. मीही हसायचो. आता ते हसणं आठवलं की... असो.

रविवारी तो आमच्या मुलांना पक्षी शिकवायचा. लायब्ररीतली एक खोली मिळायची. मुलं यायची ती आईवडिलांनी गाडीतून आणून सोडली म्हणून. त्यांतल्या एकानंही हिमालय पाहिलेला नव्हता, आणि ‘काका, व्हाय कान्ट वुई डू ईगल्स?’ असं ती दर आठवड्याला विचारायची. ‘ईगल सगळ्यांनाच येतो यार,’ तो म्हणायचा, ‘बुलबुल ओळखून दाखव.’ हिमालयातल्या जंगलातले नेहमीचे पंचवीस पक्षी, अशी एक वहीच त्यानं हातानं लिहून, चित्रं काढून, झेरॉक्स करून मुलांना वाटली होती. त्यात दुर्मिळ एकही नव्हता. पांढऱ्या गालांचा शेंडीवाला बुलबुल, झुडपाखालून उंदरासारखा पळणारा रेघांचा सातभाई, खोडावरून डोकं खाली करून उतरणारी शिलींध्री, ओढ्याकाठी शीळ घालणारा निळा कस्तूर. आणि काफल-पाको. हा कोकिळेच्या कुळातला. दिसत नाही, चार सुरांत ओरडतो, दिवसभर ओरडतो. काफल नावाचं लाल, आंबटगोड फळ तिकडे उन्हाळ्यात पिकतं, त्याच सुमाराला हा जंगलात येतो, म्हणून डोंगरातली माणसं म्हणतात की काफल पिकलं, काफल पिकलं, हेच तो सांगत फिरतो. थंडीत तो तिथं नसतो. खाली दक्षिणेकडे निघून जातो आणि गप्प राहतो. हे सगळं त्या वहीत लिहिलेलं आहे, आणि ती वही माझ्या घरी होती, कारण माझी मुलगी त्या वर्गाला जायची.

त्या वर्गाचा नियम एकच. नोंद करायची तर चार गोष्टी लिहायच्या : ठिकाण, महिना, वेळ, आणि नोंद करणाऱ्याचं नाव. चारांतली एक जरी नसली तरी नोंद बाद. मुलं कुरकुरायची. एकदा त्यानं त्यांच्यासमोर स्वतःच्याच जुन्या वहीतल्या एका नोंदीवर रेघ मारली, कारण महिना ऑक्टोबर की नोव्हेंबर हे त्याला नक्की आठवेना. मुलं त्याच्याकडे बघतच राहिली. मी मागच्या खुर्चीत बसून पेपर चाळत होतो.

मग त्याची किडनी गेली. डायबेटिस जुना होता, त्यानं तो मनावर घेतला नव्हता, आणि दीड वर्षापूर्वी आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. एक्क्याण्णव साली तो शेवटचा कुमाऊँला जाऊन आला होता. आता तर तासाभरावरच्या फ्लिंटच्या पुढे जायचीही सोय राहिली नाही. गेल्या डिसेंबरात मी आई-वडिलांना भेटायला पुण्याला जाणार, हे कळल्यावर त्यानं मला घरी बोलावलं. टेबलावर त्याचा रेकॉर्डर, स्पंजची टोपी घातलेला माइक, चार कोऱ्या कॅसेट आणि दोन पानं भरून सूचना मांडून ठेवल्या होत्या. दिल्लीहून कुठली बस, कुठं उतरायचं, रेस्टहाउसच्या मागं पाण्याची टाकी, टाकीच्या डाव्या हातानं वर, तिसऱ्या वळणावर उभं राहायचं, साडेसहाला. हात हलवायचा नाही, खोकायचं नाही. ‘सुधीर, चार दिवस काढ माझ्यासाठी,’ तो म्हणाला. ‘दुसरं काही मागत नाही तुला.’ नऊ वर्षांत त्यानं खरोखरच दुसरं काही मागितलं नव्हतं. मी खांद्यावर थोपटून म्हणालो, अरे, यात मागायचं काय?

पुण्यात तीन आठवडे कसे गेले ते सांगत नाही, परदेशातून घरी जाऊन आलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बायकोच्या माहेरचं लग्न, दोन्ही घरी मांडलेला जेवणांचा क्रम, कोणी रुसलं, कोणाची समजूत काढली. परत निघायच्या आधीचे चार दिवस मी प्रभाकरसाठी राखून ठेवले होते. मी दिल्लीला माझ्या चुलतभावाकडे पोचलो तेव्हा माझ्यात जीव उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की समोरची गच्ची दिसेना, आणि बस रद्द झाली. भाऊ म्हणाला, झोप. मी रजई ओढून झोपलो. इथल्या लोकांना मी नेहमी धुक्याचीच गोष्ट सांगू शकलो असतो. पण धुकं पहिल्याच दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बस गेली. भावानं मला उठवलं, चहा आणून दिला, आणि मी म्हणालो, उद्या बघू. कोणी काही मागत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही, असे दिवस मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. मी ते घेतले. ते माझे नव्हते, तरी घेतले.

तिसऱ्या दिवशी मला घाम फुटला. भावाच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांचं रानीखेतजवळ छोटं घर होतं, दर उन्हाळ्यात ते तिथं जायचे. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की आपल्या व्हरांड्यात बसून त्यांनी पक्ष्यांची एक कॅसेट भरली आहे, आणि अगदी आनंदानं ती मला आणून दिली. ‘ये मई की है,’ असं त्यांनी मला सांगितलं. सांगितलं होतं. पक्षी ते पक्षी, असा मी विचार केला. भावाच्या टू-इन-वनवर मी ती उतरवून घेतली. मध्ये एकदा कुकरची शिटी होती, एकदा त्यांची बायको चहाला हाक मारत होती. तेवढं मी नीट बटण दाबून वगळलं. त्या कामात मी बराच वेळ घातला आणि फार काळजी घेतली... तेवढी काळजी मी त्याच्यासाठी दुसऱ्या कशातही घेतली नव्हती.

जानेवारीत परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी डायलिसिस सेंटरवर गेलो. हात मशीनला लावून तो आडवा होता, रंग मातकट झालेला. कॅसेट हातात घेतल्यावर त्याचा चेहरा जसा झाला तो मी आता डोळ्यांसमोरून घालवू शकत नाही. नर्सनं वॉकमनचे हेडफोन त्याच्या कानांवर बसवले. त्यानं डोळे मिटले. मोकळ्या हाताचं बोट चादरीवर पडू लागलं, टिक, टिक, मध्येच दोनदा भराभर, आणि ओठ हलत होते. मला रडू येत होतं. मनात म्हटलं, काय बिघडलं? त्याला हवं ते मिळालं ना? दहाएक मिनिटांनी बोट थांबलं. त्यानं कॅसेट थोडी मागं घेतली, पुन्हा ऐकली. पुन्हा मागं घेतली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

‘किती वाजताचं रे हे?’

मी म्हणालो, साडेसहा, तू लिहून दिलं होतंस तसं.

‘थंडी असेल.’

‘विचारू नकोस. टाकीवर बर्फ धरलं होतं.’

‘अच्छा,’ तो म्हणाला. त्यानं डोळे मिटले. बोट परत हललं नाही. मला वाटलं, दमला असेल.

त्यानंतरचे अडीच महिने मी ज्या प्रकारे वागलो त्याचं मलाच नवल वाटतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा की सुधीरनं माझ्यासाठी जंगलातून कॅसेट आणली, आणि मग मी तिथल्या धुक्याचं, चुलीवरच्या चहाचं वर्णन करायचो. दर वेळी एखादी गोष्ट जास्त. एकदा मी दानसिंगचा पुतण्याही भेटवला. कुसुमवहिनी कौतुकानं ऐकायच्या, माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायच्या. प्रभाकर माझ्याकडे नुसता बघत राहायचा. मला एकच गोष्ट चमत्कारिक वाटली होती. तब्येत बरी असेल त्या रविवारी तो अजून मुलांना शिकवायला जायचा, पण ही कॅसेट त्यानं वर्गात कधी लावली नाही. मी विचारलं तर म्हणाला, राहू दे, मुलांना दुसरी ऐकवू.

मार्चच्या सुरुवातीला मी त्याला शेवटचा भेटलो. तो घरी खुर्चीत होता, पायांवर ब्लँकेट. बाहेर बर्फ वितळत होतं आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं. वहिनी दुकानात गेल्या होत्या. मग तो हळूच म्हणाला, ‘सुधीर, तिकडचं काही सांगायचं राहिलंय का तुझं?’

दार उघडं करून दिलं होतं त्यानं. एवढंच म्हणायचं होतं, प्रभाकर, मी गेलो नाही. चार शब्द. मी त्याच्या पायाशी बसून ते म्हणू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, हो अरे, विसरलोच, त्या तिसऱ्या वळणावर दोन झाडं पडलीयत वादळात. तो म्हणाला, ‘पडली का.’ आणि खिडकीकडे तोंड वळवलं. तीन आठवड्यांनी तो गेला.

अंत्यसंस्कारानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी, भाड्यानं घेतलेल्या एका हॉलमध्ये वंदना आणि आठवणींची सभा ठरली. मी बोलावं असं वहिनींनी सांगितलं, आणि कॅसेट सगळ्यांना ऐकवावी, मुलंही येणार आहेत, असंही. आदल्या दिवशी सकाळी मी ती आणायला गेलो. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या, फ्रिजवर टेपरेकॉर्डर चालू होता. पक्ष्यांचा त्यांना कधीच नाद नव्हता. आमच्या शनिवारांना त्या रिकामपणाचे उद्योग म्हणायच्या, आणि पराठे मात्र न चुकता बांधून द्यायच्या. आता ओट्यावर प्रभाकरची वर्गाची वही उघडी होती, पानांवर हळदीची बोटं उमटली होती.

‘सहा येतात मला आता,’ त्या म्हणाल्या. ‘बुलबुल येतो. हा सातभाई. थांबा... हा, हा काफल-पाको. हा मला सगळ्यात आधी आला. हे ऐकायचे ना, तर हा आला की थांबवायचे, मागं घ्यायचे, परत ऐकायचे. रोज. मला वाटलं, आवडता असेल.’

मी ते चार सूर तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकले. तरीही मला काही कळलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नऊ वर्षं त्यानं शिकवलेला माणूस मी. मग वहिनींनी त्याची नोंदींची डायरी माझ्या हातात दिली. उद्या कॅसेट लावताना नावं वाचता येतील, ह्यांनी सगळी लिहून ठेवलीयत, त्या म्हणाल्या. मी पान काढलं. मी कॅसेट दिली त्याच दिवसाची तारीख. डायलिसिसनंतर हात थरथरायचा, तसलं अक्षर. वरती नेहमीचे चार खण.

ठिकाण : माहीत नाही. महिना : मे. काफल-पाको बोलतो आहे. वेळ : सकाळ, नक्की नाही. नोंद करणारा : माहीत नाही. खाली बारीक अक्षरात, दुसऱ्या टेपवरून उतरवलेली, दोन ठिकाणी तोडलेली. आणि मग सतरा पक्षी, ओळीनं.

बस. एवढंच. मी पान उलटलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं. माझ्याबद्दल कुठंतरी एक वाक्य असेल म्हणून मी शोधत होतो. शिवी असती तरी चाललं असतं. काही नव्हतं. त्यानं पहिल्या दहा मिनिटांत सगळं ओळखलं होतं, आणि त्याच संध्याकाळी ते जसं होतं तसं लिहून टाकलं होतं. पुढचे अडीच महिने तो मला लोकांसमोर मोठं करत राहिला, आणि मी बोलेन म्हणून वाट बघत राहिला. आणि मी त्याला पुतण्या सांगितला, पडलेली झाडं सांगितली. त्याला रोज ती कॅसेट का ऐकावीशी वाटली असेल, याचा मी रोज विचार करतो. कुठलं का असेना, पण ते पक्षी खरे होते म्हणून? की जे खरं नाही ते पुन्हा पुन्हा तपासत होता? मला माहीत नाही, आणि विचारायला तो नाही. आता मे आला आहे. आमच्या अंगणात पहाटेपासून रॉबिन गातात आणि मी खिडक्या लावून घेतो.

स्वयंपाकघरात कॅसेट चालूच होती. वहिनी सिबिया नावाच्या पक्ष्याचा आवाज ओळखायच्या प्रयत्नात होत्या, ओठांनी तशी शिट्टी घालून बघत होत्या. साठीला आलेली बाई, नवऱ्याच्या जंगलाचा एक-एक आवाज पाठ करत होती, आणि ते त्याचं जंगल नव्हतं. मी अजूनही गप्प बसू शकलो असतो. पानावरचे ते चार खण कोणी वाचत नव्हतं. उद्या कॅसेट वाजली असती, लोकांनी डोळे पुसले असते, माझ्या पाठीवर हात ठेवले असते. ते हात मला नको होते. मी टेप बंद केली आणि सांगितलं. खाली मान घालून, सगळं. त्यांना डायरीतलं पान दाखवलं आणि मे म्हणजे काय ते समजावलं.

त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत मोडली.

‘मग ते चार दिवस तुम्ही होते कुठं?’

‘दिल्लीत.’

‘काय करून राहिले होते?’

‘झोपलो होतो, वहिनी.’

त्या खुर्चीत बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. ‘ह्यांना माहीत होतं,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘म्हणून तो पक्षी...’ मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. ‘मला कशाला सांगता हळूच? मोठ्यानं सांगत होते ना तुम्ही, बर्फ अन् चहा अन् काय काय. चार लोकांत सांगत होते.’ मग त्यांनी डायरी माझ्यापुढे सरकवली आणि ओट्यावरच्या डब्यातलं पेन काढून दिलं. ‘हे माहीत नाही, माहीत नाही लिहिलंय ना ह्यांनी. तुम्हाला तर माहीत आहे. भरा.’

मी भरलं. त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर. ठिकाण, रानीखेतजवळच्या एका घराचा व्हरांडा. नोंद करणाऱ्याचं नाव, त्या गृहस्थांचं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं, डायरी मिटली, आणि उद्या हेच पान वाचा, एवढं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. मी आपला आपण दार ओढून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले. पहिल्या रांगेत त्याच्या वर्गातली मुलं मांडीवर वह्या घेऊन बसली होती, माझी मुलगी त्यांत. माझं नाव पुकारताना कोणीतरी म्हणालं की हेच ते मित्र, ज्यांनी प्रभाकररावांचं जंगल त्यांच्या उशाशी आणून दिलं. मी उभा राहिलो. डायरीतलं पान वाचलं, चारही खण, त्यानं लिहिलेले आणि मी भरलेले. धुकं एकच दिवस होतं हेही सांगितलं. पुतण्या नव्हता, झाडं पडली नव्हती, हेही सांगितलं. मुलांकडे बघायचा मला धीर झाला नाही. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या, मागं कोणीतरी उठून बाहेर गेलं. वहिनी बाजूच्या खुर्चीत हात जुळवून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हळू बोलायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, ‘प्रभाकर, मी गेलो नव्हतो. जाऊ शकत होतो आणि गेलो नाही. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. मला माफ कर.’